रिपोर्ट नॉर्मल, तरी सातही बीजं फळली नाहीत

"मॅडम, माझा रिपोर्ट नॉर्मल आहे." खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं फाईल टेबलावर ठेवली. बायको खिडकीबाहेर बघत होती. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवायच्या उपचारात, तिची सात स्त्रीबीजं मिळाली होती, एकही फळलं नव्हतं. सासूबाईंनी घरी निकाल देऊनही टाकला होता : मुलाचं सगळं बरोबर, म्हणजे दोष सुनेत.

वंध्यत्वाच्या समुपदेशनात हा निकाल मी किती वेळा ऐकलाय! आणि प्रत्येक वेळी तितकाच जिवाला लागतो.

रिपोर्टात मिलिलीटरमागे सहा कोटी शुक्राणू होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. आकडा उत्तमच. पण या तपासणीत शुक्राणू किती, हलतात किती आणि दिसतात कसे एवढंच कळतं. ते बीज फळवायला तयार होतात का, हे कळत नाही.

कारण ताजा शुक्राणू पोहतो, पण बीजात शिरू शकत नाही. १९५१मध्ये अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी प्राण्यांवर स्वतंत्रपणे काम करताना हे दाखवलं. त्याला आधी काही तास मादीच्या शरीरात काढावे लागतात. तिथं त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी होतं. आत शिरलेलं बायकार्बोनेट एका एन्झाइमला जागं करतं, त्यातून तयार झालेला निरोप प्रोटीन कायनेज ए या दुसऱ्या एन्झाइमपर्यंत जातो आणि प्रथिनांवर फॉस्फेट चढू लागतात. कॅल्शियम आत येतं, शेपटी चाबकासारखी फटके मारते, डोक्यावरची टोपी उघडायच्या बेतात येते. या तयारीला कपॅसिटेशन म्हणतात.

ती वळली. "हे सगळं माझ्या पोटात होतं?"

"एरवी हो. आयव्हीएफमध्ये मात्र बशीतल्या द्रावात. त्यात बायकार्बोनेट आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते म्हणूनच."

"म्हणजे त्या दिवशी माझ्या पोटाचा संबंधच नव्हता," ती हळूच म्हणाली.

आता त्याचा चेहरा उतरला. "मग माझ्यातच..."

तिच्यावरचं ओझं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचं नव्हतं मला. बीज पुरेसं पक्व नसेल तरी फलन होत नाही. फळलं नाही एवढ्यावरून कुणाचं बिनसलं ते सांगता येत नाही, आणि पुरुषत्वाशी तर याचा काडीचा संबंध नाही. डॉक्टरांनी इक्सी सुचवलं होतं, त्याला तो घाबरत होता. त्यात सुईनं एकच शुक्राणू थेट बीजात सोडतात, त्यामुळे पोहणं, टोपी उघडणं, बीजाचं आवरण भेदणं हे टप्पे वगळले जातात. खात्री त्यातही नसते. तेही मी स्पष्ट सांगितलं. आधी प्रयोगशाळेतल्या भ्रूणतज्ज्ञांना दोघांनी मिळून विचारा, म्हटलं : सातांपैकी पक्व किती होती?

तो रिकाम्या पानावर प्रश्न लिहून घेत होता. ती म्हणाली, "आईंना पण सांगाल ना?"

"आजच सांगतो," तो म्हणाला. "तू समोर असताना."