ठसे कोरायच्या आधी

बाबू, छिन्नी हातात घ्यायची घाई नको करू. आधी फ्रान्स मासेरील या बेल्जियन चित्रकाराची १९१९ची चित्रगोष्ट पाहा. १६७ लाकूडठसे, शब्द एकही नाही! १९२९मध्ये अमेरिकेत चित्रकार लिंड वॉर्डनं तीच वाट धरली, पुढं ग्राफिक नॉव्हेलवाल्यांनी, म्हणजे चित्रांतून कादंबरी सांगणाऱ्यांनी. आपल्या ओसरीवरची जुनी लक्ष्मीची तसबीरही छापाचीच लेक. फाळके रवि वर्मांच्या छापखान्यात राबले, मग १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’.

आता तू कापूसवेचणीचे पाचच प्रसंग घे. कोरशील ते पांढरं, उरेल ते काळं. प्रेस नसली तरी चालते, शाई लावलेल्या ठशावर कागद ठेवून चमच्याची पाठ घास. अन् अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरजो! पोळ्याच्या बैलजोडीखाली मी गावाचं नाव सुलटं कोरलं होतं. छापल्यावर पारावरचे म्हातारे पोट धरून हसले.