टायफॉइडच्या जंतूची उसनवारी

प्रश्न : माझ्या लहानपणी टायफॉइडला क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल पुरायच्या. आता मुलाला टायफॉइड झाला, तर डॉक्टरांनी औषधाआधी रक्ताचं कल्चर करून घेतलं. जंतूला औषध पचवायची विद्या येते कुठून?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, ती पुष्कळदा उसनी आणलेली असते. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, सुटी वेटोळी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. शेजारचा जंतू चिकटला की स्वतःचं प्लाझ्मिड ठेवून त्याची प्रत त्याला देता येते. शेजारी त्याच जातीचा लागतो असंही नाही.

1990च्या सुमारास मी मायक्रोबायॉलॉजीत एम.डी. करत होते. टायफॉइडचे जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटवर, क्लोरॅम्फेनिकॉल (म्हणजेच तुमचं क्लोरोमायसेटिन), अँपिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल या औषधांच्या तिन्ही डिस्कना (औषध भिजवलेल्या कागदी चकत्यांना) खेटून जंतू वाढलेले दिसले की पोटात खड्डा पडायचा. तिन्ही औषधांवरचा तोड एकाच प्लाझ्मिडवर बसून आला होता! त्या कुळातली प्लाझ्मिडं 37 अंशांना फारशी हलत नाहीत, 30च्या खाली मात्र सहज हस्तांतरित होतात. म्हणजे ही देवघेव तापलेल्या अंगात कमी आणि सांडपाण्यात जास्त. हे कळल्यापासून गटारातून गेलेली पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन दिसली की मला राहवत नाही.

2016मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत याच्या पुढचं पाऊल पडलं. आधीच बऱ्याच औषधांना न जुमानणाऱ्या टायफॉइडच्या जंतूनं आणखी एक प्लाझ्मिड मिळवलं आणि तोवर लागू पडणारं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही निकामी झालं. तसंच प्लाझ्मिड ई. कोलाय नावाच्या जंतूमध्ये सापडतं, आणि ई. कोलाय तर आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. सर्दीखोकल्याला उगाच घेतलेलं अँटिबायोटिक त्यातल्या औषध पचवणाऱ्यांनाच पोसतं. तिथल्या डॉक्टरांच्या हाती मुख्यतः अझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेम उरलं.

सगळंच उसनं नसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला टायफॉइडचा जंतू दाद देत नाही, ते बहुतांशी स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांमुळे. आणि तुमचं क्लोरोमायसेटिन? त्याचा वापर घटल्यावर भारतात अनेक ठिकाणी जंतू पुन्हा त्याला बळी पडू लागला. पण घरच्या घरी ते सुरू करू नका. क्वचित का होईना, त्यानं अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, कायमची निकामी होते.

लशीपुढे मात्र या प्लाझ्मिडांचं काही चालत नाही, कारण तिचा मारा जंतूच्या वरच्या आवरणावर असतो. तुमच्याच नवी मुंबईत महापालिकेनं 2018मध्ये 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइड कॉन्जुगेट लशीची मोहीम सुरू केली होती. घरात आणखी मुलं असतील तर त्यांची लसीकरणाची कार्डं आजच काढून बघा.