ओरिगामी करणाऱ्याला आणि केलेल्या वस्तूला काय म्हणावे?

मालवणच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, मुलांनी कागदाच्या घड्या घालून केलेले बगळे, बेडूक आणि होड्या शाळेच्या प्रदर्शनात मांडताना पाट्यांवर त्या वस्तूंसाठी आणि त्या करणाऱ्यांसाठी कोणते मराठी शब्द लिहावेत.

करणाऱ्यासाठी ‘ओरिगामीकार’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘कार’ हा प्रत्यय परभाषेतून आलेल्या शब्दालाही सहज लागतो, हे ‘गझलकार’वरून दिसते. मात्र नवी रचना शोधणारा आणि आकृती पाहून घड्या घालणारा यांत भेद करायला हवा. जपानीत पहिल्याला ‘ओरिगामी साक्का’ म्हणतात आणि ‘साक्का’ म्हणजे लेखक, कर्ता. जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी असंख्य नव्या रचना तर केल्याच, शिवाय तुटक रेषा आणि बाण यांची अशी चिन्हपद्धती घडवली की एकाची रचना दुसऱ्याला, त्याची भाषा येत नसली तरी, कागदावर उतरवता येऊ लागली. म्हणून पाटीवर ‘रचना’ आणि ‘घड्या’ अशा दोन ओळी असाव्यात आणि दुसऱ्या ओळीत मुलाचे नाव यावे. बगळ्याच्या जपानी रचनेपुढे ‘पारंपरिक’ लिहावे, कारण अशा एकमेकांना जोडलेल्या पक्ष्यांच्या साखळ्या शिकवणारे पुस्तक जपानात १७९७ सालीच छापले गेले. हा पक्षी खरे तर क्रौंच आहे; खाडीकाठी वाढलेली मुले त्याला बगळा म्हणणारच, आणि तो शब्द बदलू नये.

वस्तूचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘नमुना’ म्हटले की मासला आठवतो, ‘प्रतिकृती’त नक्कल येते आणि ‘पाच ओरिगामी केल्या’ हा प्रयोग मला पटत नाही, कारण ‘ओरु’ म्हणजे दुमडणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद यांवरून आलेला हा शब्द मराठीत कलेचे नाव म्हणून रुळला आहे. सावंतवाडीत लाकडी काम करणारे चितारी, पण त्यांच्या हातून येतात ती फळे आणि खेळणी. तशीच इथेही प्रत्येक वस्तू ‘कागदी बेडूक’, ‘कागदी होडी’ अशी आपल्या नावानेच ओळखली जावी. सगळ्यांना मिळून एक शब्द हवा असेल तेथे ‘घडीकाम’ लिहावे. कात्री लावलेल्या वस्तू मात्र त्यात मिसळू नयेत. त्यांच्यासाठी ‘किरिगामी’ अशी वेगळी पाटी करावी.