वाचकांचे प्रश्न : मॉडेल विमानाच्या इंजिनाची नीडल व्हॉल्व्ह बदलताना

प्रश्न : माझ्याकडे अडीच सीसीचे जुने, कंट्रोल-लाइनचे (तारांना बांधून गोल उडवायच्या विमानाचे), मिथेनॉलवर चालणारे ग्लो इंजिन आहे. विमान जमिनीवर आदळले तेव्हा त्याची सुई वाकली आणि स्प्रेबारचे आटेही गेले. त्या कंपनीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. दुसऱ्या कंपनीची नीडल व्हॉल्व्ह बसवता येईल का आणि ती निवडताना काय पाहावे? फक्त सुई बदलून चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नीडल व्हॉल्व्ह म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई आणि ती ज्यात फिरते तो पोकळ स्प्रेबार यांची जोडणी. दुसऱ्या कंपनीची नीडल व्हॉल्व्ह निश्चित बसवता येते, मात्र ती इंजिनाच्या नावावरून किंवा सीसीवरून न निवडता मोजमापांवरून निवडावी. त्यासाठी व्हर्निअर कॅलिपर हाताशी असावा. व्हेंचुरीचा, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या नळीचा, आतील व्यास आणि स्प्रेबार ज्या आडव्या छिद्रातून जातो त्या छिद्राचा व्यास ही दोन मापे खरेदीपूर्वी कागदावर लिहून घ्यावीत. तुटका स्प्रेबार फेकून देऊ नये, कारण त्याची जाडी, लांबी आणि इंधनाच्या छिद्राची जागा त्यावरूनच कळते.

स्प्रेबारच्या जाडीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. स्प्रेबार हवेच्या वाटेत आडवा असल्यामुळे तो जितका जाड, तितकी हवेला मोकळी जागा कमी. व्हेंचुरीचा आतील व्यास ७ मिलिमीटर असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस मिलिमीटर होते. त्यातून स्प्रेबारने अडवलेली जागा, म्हणजे व्हेंचुरीचा व्यास गुणिले स्प्रेबारची जाडी, वजा केली की व्यवहारापुरते उत्तर मिळते. स्प्रेबार ४ मिलिमीटरचा असेल, तर साधारण १०.५ चौरस मिलिमीटर जागा मोकळी राहते. तो साडेतीन मिलिमीटरचा घेतला, तर तीच जागा १४ होते. केवळ अर्धा मिलिमीटर बारीक स्प्रेबार घेतल्याने हवेची वाट एक-तृतीयांशाने वाढते. इंजिन अधिक हवा घेईल आणि जमिनीवर जोमदार वाटेल, पण व्हेंचुरीतील ओढ कमी झाल्यामुळे विमानाचे नाक वर होताच टाकीतून पुरेसे इंधन चढणार नाही आणि मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त, होऊन इंजिन बंद पडेल. उलट साडेचार मिलिमीटरचा स्प्रेबार बसवला, तर मोकळी जागा ७ वर येते. इंधनाची ओढ उत्तम मिळते, पण ताकद स्पष्टपणे घटते. म्हणून माझा आग्रह असा की, नवा स्प्रेबार जुन्याच्याच जाडीचा घ्यावा. तसा मिळत नसेल, तर बारीक स्प्रेबार घेऊन व्हेंचुरीच्या दोन्ही भिंतींतील छिद्रांत पितळेचा बुश (पोकळ नळकांडे) बसवावा आणि व्हेंचुरीच्या आतील व्यासाचा पुन्हा हिशेब करावा. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत किंवा यंत्रमागांची कामे करणाऱ्या कारखान्यांत चांगल्या लेथवर असा बुश सहज करून मिळतो. इंजिनाचे मूळ छिद्र मोठे करून जाड स्प्रेबार बसवण्याच्या फंदात पडू नये, कारण ते काम उलटवता येत नाही.

आता सुईविषयी. सुई आणि स्प्रेबार यांची जोडी असते, ती फोडू नये. आपल्या बाबतीत आटेच गेले असल्यामुळे संपूर्ण जोडणी बदलणे अपरिहार्य आहे; पण एरवीही केवळ सुई बदलण्याचा मोह टाळलेला बरा. जुन्या इंग्रजी इंजिनांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे आढळतात, अमेरिकी इंजिनांत इंचाच्या मापाचे आणि इतर अनेकांत मेट्रिक. यांतील काही मापे दिसायला जवळजवळ सारखी असतात. ६ बीएचा बाह्य व्यास २.८ मिलिमीटर आणि ४-४० या अमेरिकी मापाचा २.८४, मात्र पहिल्याचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर, ०.५३ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ०.६३५. एक सुई दुसऱ्याच्या स्प्रेबारमध्ये एक-दोन फेरे गुण्यागोविंदाने जाते आणि मग अडकते. त्या वेळी पकड लावून जोर केला की पितळेचे आटे गेलेच म्हणून समजावे. पिच गेज लावून खात्री केल्याशिवाय सुई फिरवू नये. शिवाय आटे जुळले तरी सुईच्या टोकाचा उतार वेगळा असू शकतो. लांब, निमुळत्या उताराच्या सुईने इंधनाचे प्रमाण बारकाईने लावता येते. आखूड उताराच्या सुईत पाव फेऱ्यानेही इंजिन रिचचे (जास्त इंधनाचे) लीन होते.

बसवताना स्प्रेबारच्या छिद्राची दिशा महत्त्वाची आहे. छिद्र एकच असेल, तर ते इंजिनाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हवा ज्या दिशेने जाते तिकडे, असावे. दोन छिद्रे असतील, तर ती दोन्ही बाजूंना सारखी यावीत आणि व्हेंचुरीच्या मध्यभागी असावीत. छिद्र बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या हवेच्या तोंडाशी राहिले, तर इंधनाची ओढ जवळजवळ नाहीशी होते. दोन्ही बाजूंच्या नटांखाली फायबरचे वायसर घालावेत आणि नट बेताने आवळावेत, कारण स्प्रेबार आतून पोकळ असतो व जास्त जोर दिल्यास आट्यांपाशी तुटतो. सुईची मूठ प्रॉपेलरपासून दूर, मागच्या बाजूला झुकलेली राहील, असे पाहावे. चालत्या इंजिनावर सुई नेहमी प्रॉपेलरच्या मागे उभे राहूनच फिरवावी.

इंजिन सुरू करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. सुई हलक्या हाताने पूर्ण बंद करावी. ती टेकल्याचे जाणवताच थांबावे, अन्यथा सुईच्या उतारावर कड उमटते आणि पुढे सूक्ष्म बदल करता येत नाही. मग इंधनाच्या नळीतून फुंकावे, हवा अजिबात जाता कामा नये. त्यानंतर सुई तीन फेरे उघडून पुन्हा फुंकावे, हवा सहज गेली पाहिजे. याच वेळी स्प्रेबारचे छिद्र बोटाने दाबून ठेवले आणि सुईच्या आट्यांवर मिथेनॉलचा थेंब सोडला, तर बुडबुडे येतात की नाही ते दिसते. बुडबुडे आल्यास आट्यांतून हवा शिरते आहे. अशा इंजिनाचे मिश्रण कितीही लावले तरी टिकत नाही. ग्लो इंजिनात मूठ आणि स्प्रेबार यांच्या सांध्यावर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा घट्ट चढवला की ही गळती थांबते. मिथेनॉल विषारी असून कातडीतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून ही तपासणी मोकळ्या जागी, ठिणगीपासून दूर आणि हातमोजे घालून करावी. नळी तोंडाने फुंकायची असल्यास ती नवी, इंधन न लागलेली असावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात एनसीसीच्या हवाई शाखेचे कॅडेट डिझेल इंजिनाची विमाने उडवतात. नवी नीडल व्हॉल्व्ह बसवल्यापासून मे महिन्यात दुपारी नळीत बुडबुडे दिसतात आणि इंजिन अडखळते. आपण सुचवता तसा सिलिकॉनचा तुकडा लावावा का?
– एक प्रशिक्षक, सोलापूर

उत्तर : सिलिकॉन लावू नये. डिझेल मॉडेल इंजिनाच्या इंधनात ईथर, केरोसीन आणि एरंडेल असते. केरोसीनने सिलिकॉन फुगते आणि सैल पडते. इंधनाला टिकणाऱ्या निओप्रीनचा तुकडा वापरावा. परंतु दोष नव्या व्हॉल्व्हचाच आहे, असे लगेच ठरवू नये. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. मिश्रणात ते तेवढ्या तापमानाला लगेच उकळत नसले, तरी उन्हात ठेवलेल्या टाकीतून आणि ओढ असलेल्या नळीतून त्याची वाफ सुटते, आणि सोलापुरात मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. ही वाफ हवेच्या गळतीसारखीच दिसते. तेच विमान सकाळी सहा-सातच्या सुमारास उडवून पाहावे. बुडबुडे नाहीसे झाले, तर कारण ईथर आहे. इंधनाचा डबा ओल्या गोणपाटात, सावलीत आणि घट्ट बंद ठेवावा. सकाळीही बुडबुडे तसेच राहिले, तर सुईच्या आट्यांतून, नळीच्या सांध्यातून किंवा टाकीच्या झाळलेल्या जोडातून हवा येत आहे. टाकी झाळण्यापूर्वी ईथरचा मागमूसही उरता कामा नये, हे कॅडेटांना आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट : हवा २० अंशांवरून ४२ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे सात टक्क्यांनी घटते, त्यामुळे हिवाळ्यात लावलेली सुई उन्हाळ्यात थोडी बंद करावी लागते. नवी सुई बसवल्यावर सापडलेली जागा ऋतूसह नोंदून ठेवावी.

प्रश्न : शिवणकामाची सुई पितळेच्या स्क्रूत झाळून घरी नीडल बनवता येते का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : येते, आणि पूर्वी अनेकांनी बनवली आहे. सुई स्क्रूच्या नेमक्या मध्यावर येणे हीच खरी कसोटी आहे, म्हणून स्क्रूतील छिद्र लेथवर पाडून घ्यावे. झाळल्यावर स्क्रू फिरवून टोक डगमगते का, ते पाहावे. डगमगत असेल, तर ती सुई वापरू नये.