धर्म आणि संस्कृती परराष्ट्र धोरण कितपत घडवतात?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: राष्ट्राचा धर्म आणि संस्कृती यांचा त्याच्या परराष्ट्र धोरणावर परिणाम कसा होतो, आणि एकाच धर्माची राष्ट्रे स्वाभाविकपणे एकमेकांची मित्र असतात का. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो: नसतात. १९७१ साली पाकिस्तानचे दोन तुकडे झाले तेव्हा दोन्ही भागांतील बहुसंख्यांचा धर्म एकच होता, आणि १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे एकमेकांशी लढलेल्या इराण आणि इराक या दोन्ही देशांत शिया पंथीयच बहुसंख्य होते. मात्र एवढ्यावरून ‘धर्म हा नुसता मुखवटा, खरा तो स्वार्थ’ असा निकाल देणारे घाई करतात, असे माझे मत आहे.

इराणचेच उदाहरण जवळून पाहू. क्रांतीनंतरच्या इराणी राज्यघटनेत जगातील सर्व मुस्लिमांच्या हक्कांचे रक्षण हे परराष्ट्र धोरणाचे एक सूत्र म्हणून लिहिलेले आहे. इराणच्या वायव्येला अझरबैजान हा शियाबहुल देश आहे आणि त्याला लागून ख्रिस्ती आर्मेनिया. नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशावरून १९९० च्या दशकाच्या आरंभी या दोघांत युद्ध पेटले, तेव्हा घटनेतील शब्द प्रमाण मानायचे तर इराणने अझरबैजानच्या पाठीशी उभे राहायला हवे होते. प्रत्यक्षात त्याने मध्यस्थी करून पाहिली आणि आर्मेनियाशी व्यापार चालूच ठेवला. १९९३ मध्ये तुर्कस्तानने आपली सीमा बंद केल्यावर आर्मेनियाला बाहेरच्या जगाशी जोडणारे जे दोनच शेजारी उरले, त्यांपैकी एक इराण होता. यामागचे कारण घरातलेच आहे. तब्रीझ आणि त्याच्या आसपासच्या प्रांतांत अझेरी भाषक मोठ्या संख्येने राहतात, आणि शेजारचे अझेरी राष्ट्र प्रबळ झाले तर या लोकांत वेगळेपणाची भावना मूळ धरील, ही तेहरानची जुनी धास्ती आहे.

आता त्याच इराणचे इस्राएलशी असलेले वैर घ्या. या दोन देशांत सामाईक सीमा नाही, नदीच्या पाण्याचा तंटा नाही, एकमेकांच्या जमिनीवर दावाही नाही. शहाच्या राजवटीत तर इराण इस्राएलला तेल विकत असे. १९७९ च्या क्रांतीनंतर हे संबंध तुटले आणि तेहरानमधील इस्राएली कचेरी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या ताब्यात देण्यात आली. भूगोल होता तसाच होता. राज्यकर्त्यांची आपल्या राज्याविषयीची कल्पना तेवढी बदलली होती. (तरीही इराकशी युद्ध चालू असताना इस्राएलकडून आलेली शस्त्रे इराणने नाकारली नाहीत.) राष्ट्रहित ही आधीच ठरलेली वस्तू आहे आणि धर्म तिच्यावर चढवलेला वर्ख आहे, असे मानले तर या वैराचा उलगडा होत नाही.

या दोन उदाहरणांवरून मी एक आडाखा बांधतो: जेथे भूमिका घेण्याची किंमत लगेच मोजावी लागत नाही तेथे धर्माचा आवाज मोठा असतो, आणि जेथे ती मोजावी लागते तेथे तो खाली येतो. किंमत नेहमी सीमेवरच मोजावी लागते असेही नाही. जुलै २०१९ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइघुर मुस्लिमांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल २२ देशांनी संयुक्त राष्ट्रांत चीनवर टीका करणारे पत्र दिले, तेव्हा चीनची पाठराखण करणाऱ्या उलट पत्रावर सह्या करणाऱ्यांत सौदी अरेबिया आणि पाकिस्तान हे दोघेही होते. एकाला तेलाचा मोठा ग्राहक दुखवायचा नव्हता, दुसऱ्याला कर्ज आणि शस्त्रे देणारा मित्र.

लोकशाही देशांत धर्म मतपेटीतून धोरणात शिरतो. अमेरिकेचा दूतावास जेरुसलेमला हलवावा असा कायदा तेथील काँग्रेसने १९९५ मध्ये केला; तो व्हावा असे वाटणाऱ्यांत ज्यू संघटनांबरोबर इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे) ख्रिस्ती मतदारही होते. त्यानंतरचे अध्यक्ष सुरक्षेचे कारण देऊन दर सहा महिन्यांनी स्थगितीवर सही करत राहिले, आणि दूतावास हलला तो थेट २०१८ मध्ये.

धर्माचा मला सर्वांत लक्षणीय वाटणारा उपयोग मात्र वेगळाच आहे. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला बीगल खाडीच्या तोंडाशी पिक्टन, लेनॉक्स आणि न्वेवा ही तीन छोटी बेटे आहेत. त्यांवरून अर्जेंटिना आणि चिली हे दोन कॅथलिक, स्पॅनिश भाषक आणि त्या वेळी लष्करी अमलाखालील देश डिसेंबर १९७८ मध्ये युद्धाच्या उंबरठ्यावर आले. आधीच्या वर्षी ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने जाहीर झालेला लवादाचा निवाडा चिलीच्या बाजूने गेला होता आणि अर्जेंटिनाने तो धुडकावला होता. ऐन वेळी पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्यस्थी देऊ केली, त्यांचे दूत कार्डिनल अंतोनियो सामोरे यांनी दोन्ही राजधान्यांत फेऱ्या घातल्या, आणि अखेर १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्ये करार झाला. बेटे शेवटी चिलीकडेच राहिली. मधल्या काळात ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाचा पराभव झाला होता आणि तेथे लोकशाही आली होती, याचाही त्यात वाटा आहे. तरी जो निवाडा ब्रिटनकडून घेणे मानहानीचे वाटत होते, जवळपास तोच पोपच्या साक्षीने स्वीकारता आला. समान धर्माने भांडण टाळले नाही, पण घरच्या लोकांसमोर मान खाली न घालता माघार घेण्याची वाट दिली.

संस्कृतीविषयी थोडक्यात लिहितो, कारण अमुक देशाचे लोक वाटाघाटीत असेच वागतात, अशा छापाच्या विधानांवर माझा फारसा विश्वास नाही. संस्कृतीचा जो भाग धोरणात खरोखर जाणवतो तो म्हणजे सामूहिक स्मृती. जपान आणि दक्षिण कोरिया यांना बौद्ध आणि कन्फ्यूशियन वारसा समान, दोघेही अमेरिकेचे मित्र, आणि उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचा धोकाही दोघांना सारखाच. तरीही १९१० ते १९४५ या जपानी राजवटीतील सक्तीच्या मजुरीची भरपाई द्यावी, असा निकाल कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्यावर संबंध झपाट्याने बिघडले. पुढच्या वर्षी जपानने चिपनिर्मितीला लागणाऱ्या रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि दक्षिण कोरियाने लष्करी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा करार संपवण्याची घोषणा केली. अमेरिकेच्या दबावानंतर, कराराची मुदत संपायला काही तास उरले असताना, ती घोषणा स्थगित करण्यात आली. रसायनांचे निर्बंध मात्र त्यानंतर काही वर्षे तसेच राहिले.