बनगरवाडी परत कर, स्वतःच्या हाताने

पत्र:

मावशी, मी १७ वर्षांची आहे, १२वी सायन्सला, क्लाससाठी लातूरला राहते, नीटची तयारी चालूये. शाळेत असताना मी खूप कादंबऱ्या वाचायचे आणि कविता पण करायचे, बीजगणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. नववीत सरांनी वही तपासताना माझी एक कविता वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या शेतात धनगराच्या मेंढ्या बसायला आल्या होत्या त्यावर होती ती, सगळा वर्ग हसला आणि वर्ष संपेपर्यंत मला मेंढी म्हणायचे. तेव्हापासून लिहिणं कमी कमी होत बंदच झालं. ग्रंथालयाच्या बाईंनी पण नंतर ती कविता मागून घेऊन वाचली होती पण त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसती बनगरवाडी काढून दिली हातात, ती पण अर्धीच झाली, आणि दहावीच्या गडबडीत परत करायची राहून गेली. आई म्हणते अवांतर वाचन आता बारावीनंतर. हल्ली कादंबरी उघडली तरी अपराधी वाटतं आणि लिहायला बसले तर काहीच सुचत नाही. सरांना मी अजून माफ करू शकत नाहीये. मी आर्ट्सला जायला हवं होतं का? की १७ वर्षांच्या मुलीच्या कवितेला तसाही काही अर्थ नसतो?
– स., लातूर

उत्तर:

स., तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, ते वाक्य सरांचं नाही, आईचं नाही आणि नीटचं तर नाहीच नाही.

सरांचं आधी उरकून टाकते. सर चुकले. पोरीची कविता तिला न विचारता वर्गात वाचायची नसते, आणि वर्ग हसायला लागल्यावर तरी थांबायचं असतं. झालं, याहून जास्त मी त्यांच्यावर लिहिणार नाही, कारण तू त्यांच्यावर आधीच तीन वर्षं घालवलीयेस.

आता ते वाक्य. "बाईंनी पण कविता वाचली होती पण त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसती बनगरवाडी काढून दिली हातात."

नुसती? अगं नुसती काय!

मी २७ वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, वह्यांचे गठ्ठे घरी आणून तपासलेत, मागच्या पानांवर काय काय असतं ते मला माहितीये, फुली-गोळा असतो, कुणाच्या तरी नावाची पहिली अक्षरं असतात, आणि एखाद्या वहीत खरंच चार ओळी अशा असतात की लाल पेन बाजूला ठेवावं लागतं. आणि शाळेच्या ग्रंथालयाच्या बाई काय करतात तेही मी जवळून बघितलंय. कितीतरी शाळांत ते पदच अर्धवेळ असतं, ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात नावाला असतो, कोणी शिक्षक रजेवर गेले की त्या वर्गावर बाईंनाच बसवतात, परीक्षा आल्या की पेपरांचे गठ्ठे बांधायला बाई, स्नेहसंमेलन आलं की बक्षिसांची यादी करायला बाई. कपाटांना कुलपं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि मुलं येऊन म्हणतात बाई एखादं पातळ पुस्तक द्या ना, म्हणजे प्रकल्पाच्या वहीत नाव लिहिता येईल. अशा बाईंनी तुला बोलावून, तुझी कविता मागून घेतली. त्यांना कुठून कळलं असेल? अर्थातच त्या हसण्यावरून, शाळेत असल्या गोष्टी मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूममध्ये पोचतात. म्हणजे कविता मेंढ्यांवर आहे हे त्यांना आधीच माहीत होतं आणि तरी त्यांना ती स्वतः वाचायची होती.

वाचली आणि कपाटाकडे गेल्या. आता जरा विचार कर, त्या कपाटात काय काय असेल. खांडेकर असतील, ऐतिहासिक कादंबऱ्यांचे जाडजूड ठोकळे असतील, कवितासंग्रह असतील, संस्कारकथा तर असतीलच पोत्याने. कविता करणाऱ्या मुलीला कोणीही कवितासंग्रह दिला असता. बाईंनी त्यातून व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी काढली. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली, दीडशेसुद्धा पानं नसलेली कादंबरी, माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवरची, जिथे पहिल्यांदाच नोकरीला लागलेला एक कोवळा मास्तर जातो आणि बघतो तर शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे जातात. तू अर्धी वाचलीयेस म्हणजे तो कारभारी तुला भेटलाय, ती माणसं तुला भेटलीयेत, आणि अख्ख्या पुस्तकात कोणी मेंढरांना हसत नाही हेही तुझ्या लक्षात आलं असेल. निदान यायला हवं होतं!

वर्ग म्हणाला मेंढ्यांवर कोणी कविता करतं का. बाईंनी तुझ्या हातात एक अख्खी कादंबरी ठेवली की हे बघ, करतात, आणि अशी करतात. यापेक्षा चांगली दाद मी माझ्या सगळ्या नोकरीत कुणाला देऊ शकले नाही. मी वहीत छान लिहायचे, फार तर खाली दोन ओळी. छान हा शब्द मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. तुझ्या कवितेला तुझ्या वयात मिळू शकेल असं सगळ्यात नेमकं उत्तर मिळालं होतं आणि तू ते तीन वर्षं न उघडलेल्या पत्रासारखं ट्रंकेत टाकून ठेवलंयस, आणि वर मला लिहितेस की बाई काही बोलल्याच नाहीत. माझा राग येत असेल तर येऊ दे, मला पण तुझा आलाय थोडा.

आणि अजून एक गोष्ट आहे, ती तुला सुचलीच नाही म्हणून मी सांगते. दहावी झाल्यावर तू शाळा सोडल्याचा दाखला घेतलास, त्याशिवाय अकरावीला प्रवेशच पक्का होत नाही. आणि बहुतेक शाळांत दाखला देण्याआधी कागदावर सगळ्यांच्या सह्या लागतात, प्रयोगशाळा, क्रीडा, ग्रंथालय, की हिच्याकडे काही येणं बाकी नाही. तुझ्याकडे तर बाकी होतं. मग ग्रंथालयाच्या रकान्यात सही कोणी केली? पुस्तक तुझ्या नावावर आहे हे रजिस्टरमध्ये दिसत असताना केली. शाळेच्या ग्रंथालयात वर्षाकाठी पुस्तकांची मोजणी होते, दाखल नोंदवहीतल्या एकेका नंबरापुढे पुस्तक जाग्यावर आहे का ते बघतात, आणि नसलं तर उत्तर बाईंना द्यावं लागतं, कधी कधी पदरचे पैसेही भरावे लागतात. तुला अडवणं त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांच्या फायद्याचंही होतं. त्यांनी तुला जाऊ दिलं. तू म्हणतेस गडबडीत राहून गेलं, बरं, तुझ्याकडून गडबडीत राहिलं असेल, त्यांच्याकडून गडबडीत राहिलेलं नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

तर आता तू काय करायचंस ते सांगते, आणि मी एकच गोष्ट सांगणार आहे. ती कादंबरी आधी पूर्ण वाच आणि नंतर स्वतः जाऊन बाईंच्या हातात परत दे.

पूर्ण वाच म्हणजे शेवटच्या पानापर्यंत. शेवटाला काय होतं ते मी मुद्दाम सांगत नाहीये. राहिलेली पानं किती, साठ-सत्तर, आठवडाभर झोपण्याआधी दहा-दहा वाचलीस तरी संपतात, त्याने नीटचा एकही मार्क इकडचा तिकडे होणार नाही. आईला विचारूही नकोस आणि तिच्यापासून लपवूही नकोस, तिने विचारलं तर सांग शाळेचं पुस्तक परत करायचंय म्हणून संपवतेय, कुठलीही आई याला नाही म्हणत नाही. (आणि ते अवांतर वाचन! मला तो शब्दच आवडत नाही. अवांतर म्हणजे विषय सोडून असलेलं. तुझ्या बापाच्या रानात बसलेल्या मेंढ्या, त्यावरची तुझी कविता, त्या कवितेला मिळालेली कादंबरी, यात विषय सोडून काय आहे? मी नोकरीत असताना पण हा शब्द वापरायचे नाही, पुरवणी वाचन म्हणायचे, तेही काही फार बरं नव्हतं.)

स्वतः जा म्हणजे स्वतःच जा. कुरियर नको, मैत्रिणीच्या धाकट्या भावाबरोबर पाठवणं नको. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन उपयोग नाही, तू घरी असशील पण शाळेलाही कुलूप असेल. शनिवार बघ एखादा, शनिवारी बहुतेक ठिकाणी सकाळची शाळा असते, लवकर सुटते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच एसटीने गावी जा, २०२३ पासून बायका-मुलींना अर्धंच तिकीट आहे त्यामुळे पैशाचं कारण सांगू नकोस. शनिवारचा क्लास बुडेल, बुडू दे एक.

बाई रागावतील का? रागावू शकतात, दोन-तीन वर्षांनी पुस्तक आणलंयस, रागवायचा त्यांना हक्क आहे, ऐकून घे. दंड सांगितला तर भर. बदली झाली असेल, निवृत्त झाल्या असतील तर शाळेत विचार आता कुठे असतात, तालुक्याच्या गावात माणूस सापडतं. आणि पुस्तक देताना सॉरीच्या आधी हे सांग की बाई तुम्ही ही का दिली होती ते मला आत्ता कळलं.

तुझे बाकीचे प्रश्न राहिले, ते थोडक्यात. आर्ट्सला जायला हवं होतं का, हे मला माहीत नाही आणि बारावीच्या मध्यावर ते विचारत बसण्यात अर्थ नाही, परीक्षा दे, मग बघू. मार्कांसाठी मराठीच्या जागी आयटी घेतलं असशील, बरीच पोरं घेतात, असू दे, कविता करायला मराठी विषय लागत नाही. काहीच सुचत नाही म्हणतेस, ते मला खरं वाटतं, पण कादंबरी उघडली की अपराधी वाटतं त्याचं कारण तू अभ्यासात शोधतेयस. ज्याच्या ट्रंकेत दुसऱ्याचं अर्धवट वाचलेलं पुस्तक पडलंय त्याला प्रत्येक पुस्तक उघडताना तेच आठवणार, मला तरी आठवलं असतं.

आणि १७ वर्षांच्या कवितेला अर्थ असतो का म्हणे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचं एक जेमतेम १६-१७ वर्षांचं पोर उभं राहिलं आणि त्याने कविता म्हटली. मोठमोठे कवी समोर बसलेले. ते हसले नाहीत, त्यांनी ऐकलं, आणि त्या मुलाला बालकवी म्हटलं, आजही आपण त्यांना त्याच नावाने ओळखतो. कविता तुझी त्या तोडीची आहे असं मी म्हणत नाहीये, तू मला पाठवलीच नाहीस तर मी कसं म्हणू. मी म्हणतेय की कविता म्हणणाऱ्या पोरासमोर कोण बसलंय यावर फार काही ठरतं. तुझ्यासमोर एकदा ५०-६० पोरांचा वर्ग बसला होता आणि एकदा एकटी बाई बसली होती. तू वर्गाचं धरून बसलीस.

ती बीजगणिताची वही आता नसेलच, दहावी झाली की घरोघरी वह्या रद्दीवाल्याला जातात. पण कविता तुला पाठ आहे, नाही म्हणू नकोस, ज्या कवितेवरून वर्षभर मेंढी म्हणून घेतलं ती कोणी विसरत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्या जात्यावर, शेतात म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातला आणखी एक जण वहीत उतरवून घ्यायचे. बहिणाबाई १९५१ला गेल्या आणि त्या वहीतनं १९५२ला पुस्तक झालं. वही नसती तर आपल्याकडे काहीच नसतं. तुला तर लिहिता येतं.

म्हणून जायच्या आदल्या रात्री एका कोऱ्या कागदावर ती कविता लिही, एखादी ओळ आता कच्ची वाटली तर बदल, नाही वाटली तर तशीच राहू दे. खाली तारीख घाल, नाव घाल, पूर्ण नाव, नुसतं स. नको. तो कागद पुस्तकात ठेवायचा नाही, मोजणीच्या वेळी कुठेतरी गळून पडेल. पुस्तक टेबलावर ठेव आणि कागद बाईंच्या हातात दे.

मला नंतर कळव त्यांनी या वेळी कपाटातून काय काढलं.

– मावशी