तिघं तीन वयाची, खेळ कुठला मांडायचा?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, दोन खोल्यांचं घर आहे. माझी मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा आणि जाऊबाईंचा छोटा साडेतीनचा. जुलै लागला की पाऊस काय थांबत नाही, शाळेतनं आले की तिघं घरातच. मोठी खेळ मांडते, छोटा येऊन विस्कटतो, मधला रडतो, शेवटी कुणीतरी मोबाईल देतं की मग सगळे चिडीचूप. खाली घरमालक राहतात त्यामुळे उड्या मारायची सोय नाही. तिघांना एकत्र खेळता येईल असं काय आहे का? विकतचं महागडं नको.

उत्तर : आहे की, भरपूर आहे. फक्त तिघांना एकच नियम लावायला जाऊ नका. साडेतीन वर्षांच्या पोराला पाळी येईपर्यंत थांबवतच नाही, सहाचा नियम पाठ करून बसतो आणि कुणी मोडला की त्याला फार लागतं, दहाच्या मुलीला डोकं चालवायला मिळालं नाही की ती उठून जाते. म्हणून खेळ एकच ठेवा आणि त्यात कामं तीन करा.

चल्लस-आठ मांडा. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि एकदम मधोमध फुली. दोन चिंचोके घासून फोडले की चार डाळिंब्या होतात, त्या टाकायच्या, जितक्या पांढऱ्या वर पडतील तितकी घरं पुढं, चारी पांढऱ्या आल्या की चार, चारी पालथ्या पडल्या की आठ आणि या दोन्हीला परत टाकायला मिळतं. सोंगट्या म्हणून बटणं, बांगडीचे तुकडे, काहीही चालतं. आता टाकायचं काम सगळ्यांच्या वतीनं छोट्याकडं द्या, म्हणजे प्रत्येक डावाला त्याची गरज पडते आणि विस्कटायला तो मोकळाच राहत नाही. मोजून सोंगटी सरकवायची मधल्यानं, आणि कुठली सोंगटी पुढं न्यायची, कुणाची मारायची हे मोठीनं ठरवायचं. समोर आजी-आजोबांना बसवा, ते एकदा बसले की उठत नाहीत बघा.

छोट्याला 'कच्चं लिंबू' करायची आपल्याकडं पद्धत आहे, म्हणजे तो आऊटच होत नाही. तीन-साडेतीनपर्यंत ते ठीक आहे, पण सहा वर्षांच्या पोराला चुकूनही कच्चं लिंबू करू नका, त्याला बरोबर कळतं आपल्याला कुणी मोजत नाही ते.

राजा-प्रधान-शिपाई-चोर पण छान जमतो. चौथा भिडू तुम्ही व्हा आणि चिठ्ठ्यांवर अक्षरांऐवजी चित्रं काढा, मुकुट, पगडी, काठी, गाठोडं. छोटा चिठ्ठी सगळ्यांना दाखवणारच, मग त्याला आजीच्या मांडीवर बसवून दोघांचा मिळून एक भिडू करायचा. राजाचे १०००, प्रधानाचे ८००, शिपायाचे ५०० आणि चोराला शून्य, हा हिशेब मोठीनं वहीत लिहायचा, बेरजा आपोआप पक्क्या होतात.

पत्त्यांत भिकार-सावकार घ्या. त्यात डोकं लागत नाही, नुसतं नशीब, त्यामुळे लहानगा मोठ्या बहिणीला खरंखुरं हरवू शकतो, कुणी मुद्दाम हरावं लागत नाही. आमच्या सांगलीत २०१९ च्या महापुरात कितीतरी घरांत दोन-दोन तीन-तीन कुटुंबांची पोरं एका खोलीत होती, लाईट नाही, मोबाईल बंद, तेव्हा एका पत्त्याच्या जोडावर दिवस निघालेत.

अंग हलवायला डोंगर-पाणी, पण उड्या न मारता. चादरी, उश्या टाकायच्या, ते डोंगर, बाकी फरशी पाणी, आणि एकेक उशी काढत जायचं. शेवटी तिघांना एकाच उशीवर मावायचं असतं, म्हणजे मोठीला छोट्याला धरून ठेवावंच लागतं आणि भांडण राहतं बाजूला. हे रोज खेळवाच, कारण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हालचाल व्हावी आणि बसून स्क्रीन बघणं एक तासाच्या आत असावं.

एक मात्र कडक सांगते. चिंचोके, गोट्या, मणी खेळ झाला की मोजून डब्यात. लहान पोरं ते नाकात घालतात, तोंडात टाकतात, घशात अडकलं तर जीवावर बेतू शकतं. छोटा डाळिंब्या टाकत असेल तेव्हा शेजारी मोठं माणूस पाहिजेच.

आणि मुलीला रोज थोडा वेळ तिचा एकटीचा द्या, बुद्धिबळ म्हणा, चित्रं म्हणा, दार लावून. ती पण लहानच आहे, दोघांना सांभाळायची ड्युटी तिच्यावर टाकू नका.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा हरला की पट उधळून देतो. त्याला मुद्दाम जिंकू द्यावं का? (मिरज)

उत्तर : दरवेळी नको, आज ना उद्या त्याला कळतंच. पाच मिनिटांत संपणारे डाव घ्या म्हणजे हरला तरी लगेच दुसरा मांडता येतो, आणि मधूनमधून त्याला थोरल्या भिडूच्या जोडीत टाका, हार दोघांत वाटली जाते. तुम्ही हरलात की मोठ्यानं म्हणा, "हरलो बुवा, चला परत मांडा." उधळलेला पट मात्र त्यालाच गोळा करायला लावा, न ओरडता, आणि तो गोळा करेपर्यंत पुढचा डाव सुरू करू नका.